शाळा रखडते, नाव मजुराचं होतं



उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली. शाळांच्या दुरुस्तीची कामं निघायची हीच वेळ. आणि जूनमध्ये ऐकू येणारं वाक्यही आपल्याला पाठ आहे : "काय करणार, तुमची माणसं कामावर टिकत नाहीत."

दिवाळीच्या सुमारास आपलेच लोक कोयता घेऊन साखर कारखान्यांवर जातात. थंडीत, अंधारात उठून ऊस तोडतात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढतात. तोच माणूस गावच्या शाळेवर आला की आळशी कसा होतो?

मागच्या उन्हाळ्यात चोपडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही हे जवळून पाहिलं. दोन खोल्यांचे पत्रे बदलायचे, भिंतींना प्लास्टर करायचं. गवंडी आणि मजूर सकाळीच हजर, सिमेंट नाही. सिमेंट आलं तेव्हा वाळू नाही. वाळू आली तर बाजाराच्या दिवशी ठेकेदाराकडे मजुरी नाही. घरात तेल-मीठ संपलं, तशी माणसं खाली केळीच्या बागांत कामाला गेली. तिथं निदान बाजाराला हातात पैसे पडतात. १५ जूनला शाळा भरली ती झाडाखाली.

यात काम कोणी चुकवलं? रिकामं बसलेल्या माणसाकडून काम होत नाही, आणि त्याला रिकामं बसवतो माल न देणारा.

दुसरा उशीर कागदाचा. ३१ मार्च जवळ आला की निधी खर्च करायची धावपळ होते. मग मंजुरी, मग कामाचा आदेश, आणि एप्रिल निघून जातो. मे सुरू झाल्यापासून शाळा भरेपर्यंत सहाच आठवडे हाती राहतात. प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात विहिरी आटतात. बायका हंडा घेऊन झिऱ्यावर बसतात. तेव्हा पाणी कुठून आणणार, हे अंदाजपत्रकातच लिहिलेलं पाहिजे. नाहीतर घाईत पाणी मारलं जात नाही, दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे पडतात आणि त्याच भिंतीचं बिल पुन्हा निघतं.

आता आपली चूकही सांगू. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या बाया. शाळेला आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहणं हे समितीचंच काम आहे. पण आपण कोऱ्या कागदावर अंगठा देतो. आपली जी गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथं १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामपंचायतीला खर्चाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. हा दाखला आपल्या हातातलं हत्यार आहे. ते म्यानातच गंजतंय.

आणि कोणी म्हणालं "ही वनजमीन आहे, नवी खोली बांधता येत नाही", तर त्याला वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) दाखवा. ग्रामसभेची शिफारस असेल तर शाळेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते.

म्हणून प्रत्येक गावाने एवढं करावं :

१) अंदाजपत्रक आणि कामाच्या आदेशाची नक्कल मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

२) माल आवारात पडल्याशिवाय माणसं बोलावू देऊ नका.

३) मजुरी दर आठवड्याला, बाजाराच्या आधी. बाईला आणि गड्याला सारखी.

४) हजेरीची वही गावाकडे ठेवा. काम कोणत्या दिवशी कशामुळे थांबलं, ते त्याच दिवशी लिहा.

५) काम बघितल्याशिवाय दाखल्यावर सही-अंगठा नाही.

हा झगडा नुसत्या पत्र्यांचा नाही. शाळा बंद राहिली की दिवाळीला पोरगं आईबापाबरोबर उसाच्या फडात जातं, आणि पुढच्या वर्षी त्याच्याही हातात कोयता येतो. वनहक्काचा दावा, सातबारा, नाकारल्याचं पत्र हे सगळं उद्या याच पोरांनी वाचायचं आहे. जमीन आपण लढून मिळवू. ती राखायला शिकलेली पोरं लागतील.

जिंदाबाद!