अश्वशक्तीचा हिशोब आणि मध्यरात्रीचे रस्ते

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि त्याच वर्षी मार्चपासून टप्प्याटप्प्याने सागरी किनारा मार्ग खुला झाला. २०१३ पासून वापरात असलेल्या पूर्व मुक्त मार्गाच्या जोडीला मुंबईतील वेगवेड्यांना आणखी दोन मोकळे रस्ते मिळाले. किनारा मार्गालगतच्या रहिवाशांनी रात्रीच्या शर्यतींबद्दल तक्रारीही केल्या. नायगावच्या गल्लीत दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावे लागते. पण तेथील गॅरेजसमोरच्या गप्पांतही हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. जड गाडीला ड्रॅग शर्यतीत पळवायचे तर किती अश्वशक्ती लागेल?

प्रश्न पोरकट नाही. ड्रॅग शर्यत म्हणजे थांबलेल्या गाडीने पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत कमीत कमी वेळात कापणे. या क्षेत्रातील जुन्या अनुभवसिद्ध सूत्राचे मेट्रिक रूप असे मांडता येते : चालकासह गाडीचे किलोमधील वजन गुणिले ४३६, भागिले सेकंदांचा घन. शुद्ध गणिताने, म्हणजे इंजिनाची सर्व शक्ती गतीतच रूपांतरित होते असे गृहीत धरले, तर ४३६ च्या जागी २४४ येतात. मधली तफावत गिअर बदलण्यात, टायर घसरण्यात, हवेच्या विरोधात आणि इंजिनापासून चाकापर्यंतच्या घर्षणात जाते.

या सूत्राची खरी मेख त्या घनात आहे. दोन टनांच्या गाडीला १२ सेकंदांसाठी सुमारे ५०५ अश्वशक्ती हवी. ११ सेकंदांसाठी ६५५ आणि १० साठी ८७२. पहिला सेकंद वाचवायला दीडशे अश्वशक्ती, दुसऱ्याला सव्वादोनशेच्या आसपास. वजन निम्मे केले तर मात्र गरजही निम्मी होते. म्हणूनच जाणता मिस्त्री आधी मागची आसने, स्टेपनी, एअर कंडिशनर काढायला सांगतो आणि टर्बोचा विषय नंतर काढतो.

आपल्याकडील परिचित उदाहरण कॉन्टेसाचे. इसुझूचे १.८ लिटर इंजिन बसवलेली ही गाडी सुमारे ८८ अश्वशक्तीची. चालकासह १३०० किलो धरल्यास पाव मैलाला साडेअठरा सेकंद लागतील. ते १३ वर आणायचे तर २५८ अश्वशक्ती, म्हणजे जवळपास तिप्पट. इंजिन बदलूनही प्रश्न सुटत नाही. मागच्या चाकांवर ६० टक्के भार आहे आणि रस्त्याची पकड बरी आहे असे मानले, तरी ताशी ५० किलोमीटर वेगाला ती चाके १३० च्या आसपास अश्वशक्तीच रस्त्यावर उतरवू शकतात. उरलेल्या शक्तीचा धूर होतो. (बघ्यांना तोच आवडतो, हे निराळे.) चारही चाकांना शक्ती देणाऱ्या विजेच्या मोटारी जड असूनही सुरुवातीला पुढे निसटतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

आता या हिशोबाचा दुसरा भाग, जो गॅरेजसमोर क्वचितच कोणी मांडतो. १३ सेकंदांत पाव मैल कापणारी ही कॉन्टेसा अखेरच्या रेषेवर ताशी १७० किलोमीटरच्या जवळ असते. चालकाला भान यायला एक सेकंद दिला, तर कोरड्या रस्त्यावर थांबायला तिला १८५ मीटरहून अधिक अंतर लागेल. किनारा मार्गाच्या सरळ भागात मर्यादा ताशी ८० ची आहे. त्या वेगाला हेच अंतर ५५ मीटरच्या आत येते. शिवाय जुन्या गाडीत इंजिन नवे बसते, ब्रेक बहुधा जुनेच राहतात.

धावपट्टीवर शर्यतीनंतर थांबण्यासाठी मोकळी जागा ठेवलेली असते. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन'सारख्या स्पर्धा भरल्या, त्या याच कारणाने. पण मुंबई महानगरात सामान्य हौशी माणसाला परवडेल अशी, कायमस्वरूपी पट्टी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक जागी शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याने इंजिनावर लाखो रुपये ओतले आहेत, त्याला पाच हजारांचा धाक किती वाटणार? नाक्यावरचे कॅमेरे आणि बंदोबस्त चालूच राहतील. पण महिन्यातून एखादी रात्र, रुग्णवाहिका आणि तपासनीसांसह, एखादी बंदिस्त पट्टी शुल्क घेऊन खुली करण्याचा खर्च किती येईल, हा आकडा शासनाने अजून मांडलेला दिसत नाही.