आडनावाचं कुलूप

धारूरात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या पाच खोल्यांच्या चाव्या माझ्या हाती आल्या. मालक पुण्याला. भाडेकरू मी पारखायचे. त्यानं फोनवर बजावलं, 'आधी आडनाव विचार. त्यांच्यातला निघाला तर म्हण, खोली कालच गेली.' माझं आडनाव गावावरनं पडलेलं. मालकाला वासच लागला नाही!

दोस्तहो, १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशाचं नाव घेऊन पारशी सराईत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन टोळकं आलं. कोलंबियात शिकलेला माणूस रस्त्यावर! १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, अस्पृश्य म्हणून राहायला घर नाकारणं गुन्हा. पण 'खोली गेली' या थापेचा पंचनामा कोण करणार?

पारखायचं ना? पारखू. काम काय, भाडं झेपंल का, मागच्या घराची बाकी फेडली का. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी अन् नोंदवलेला पाहिजे, ती जबाबदारी मालकाची. भाडं द्यायला जात लागत नाही. मग ती सवालात कुठनं घुसली?

काल ऊसतोड्याचं पोरगं आलं, शिकायला खोली पाहिजे म्हणून. आमचाच. मायबाप कोयता घेऊन फडात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर मालकाच्या चहात चालते, त्यांचं पोर खोलीत चालत नाही!

मी आडनाव विचारलं नाही. चावी दिली. आता मालकाला माझी जात सांगतो. उरलेल्या चार चाव्या नेतो म्हणाला तर खुशाल ने. बडोद्याची सराई धारूरात मी चालवणार नाही.