पारणे नको असलेला उपवास

नगर जिल्ह्यातील एका आडत व्यापाऱ्याची धाकटी सून लग्नानंतर चार महिन्यांनी इंग्लंडातील लेस्टरला गेली. पती तेथे नोकरीला. ती त्याच्याच व्हिसावर. पहिल्या हिवाळ्यात तिने एकासने सुरू केली, पुढे दिवसाआड उपवास. रविवारच्या व्हिडिओ कॉलनंतर सासूबाई स्थानकात कौतुकाने सांगत, की परदेशात जाऊनही सुनेचा धर्म सुटला नाही. तिचा उतरलेला चेहरा तपाचे तेज मानला गेला. पहाटे तीनला येणारी जाग, दिवसदिवस न विंचरलेले केस, माळ हातात घेऊनही न सरणारा पहिला मणी, यांतले काहीच त्या कॉलमध्ये दिसत नव्हते. तिचे मन अन्नावरून उडाले होते आणि त्याला उपवास हे सन्मान्य नाव मिळाले होते.

हे प्रथम ओळखले ते मंदिरातल्या एका वृद्ध गुजराती बांनी. लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन मंदिराची प्रतिष्ठा 1988 साली झाली. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या अनेक गुजराती कुटुंबांनी त्या शहरात दुसऱ्यांदा घर उभे केले आहे, त्यामुळे उपरेपण म्हणजे काय हे तिथल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. बांनी सहज विचारले, “बेटा, पच्चक्खाण कधी घेतेस? पारणे कशाने करतेस?” दोन्ही प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नव्हते. तपस्वी पच्चक्खाण घेऊन बसतो आणि पारण्यालाही त्याच प्रसन्नतेने सामोरा जातो. हिला पारणेच नको होते.

घरी कळल्यावर पहिला सल्ला आला तो अपेक्षितच होता: आर्तध्यान सोड, नवकार म्हण. दुसरा दबक्या आवाजात आला, की बाहेर कोणाला कळता कामा नये, धाकट्या नणंदेचे अजून जमायचे आहे. पेढीची पत आणि घराची अब्रू एकाच वहीत मांडणाऱ्या समाजात हे भय खोटे नाही. त्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. पण ज्या परंपरेने औषधदानाला दानांत स्थान दिले, तिने औषध घेणाऱ्याला लाजवावे हे विसंगत आहे. नवकार म्हणावाच. मधुमेही माणूसही तो म्हणतो आणि गोळीही घेतो.

खर्चाचा प्रश्न मात्र या कुटुंबाने आधीच सोडवला होता आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हते. ब्रिटनचा असा व्हिसा घेताना आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून तो प्रौढ व्यक्तीस वर्षाला 1,035 पौंड आहे. त्या रकमेत तेथील सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, वापरण्याचा हक्क येतो आणि मनाचे उपचारही त्यातच येतात. रक्कम चुकती करून माल गोदामातच ठेवावा, तसे झाले होते.

आरंभ परिसरातील डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नाव नोंदवण्यापासून होतो. इंग्लंडमध्ये नैराश्य आणि चिंतेसाठी ‘टॉकिंग थेरपीज’ ही सेवाही आहे. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रौढ व्यक्ती स्वतः नाव देऊ शकते. सहा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असे चारांपैकी तिघांबाबत तिचे उद्दिष्ट आहे. तरी पहिल्या भेटीनंतर दुसरीसाठी पुन्हा थांबावे लागू शकते. मात्र वजन घटत असेल, अन्न सुटले असेल, तर त्या रांगेत न थांबता आधी जीपीलाच गाठावे. हिने तेच केले. जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा विचार मनात येत असेल, तर तिथे 111 लावून 2 हा पर्याय निवडता येतो. धोका समोरच असेल तर 999. घाईघाईने खासगी समुपदेशक गाठणाऱ्यांनी एवढे पाहावे, की तिथे ‘काउन्सेलर’ ही पाटी कोणीही लावू शकतो, परंतु ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेण्यास एचसीपीसीच्या नोंदवहीत नाव असावे लागते.

पहिल्या भेटीला पती दुभाषा म्हणून बसला आणि ती गप्प राहिली. डॉक्टरांनी दुसऱ्या वेळी फोनवरून दुभाषा मागवला. ही सोय विनामूल्य असते, मात्र वेळ ठरवतानाच भाषा सांगावी. मराठीत बोलू लागल्यावर तिने प्रथमच सांगितले, की रस्ता ओलांडताना गाडी येत असली तरी तिला थांबावेसे वाटत नाही. हे पतीसमोर तिच्या तोंडून निघाले नसते. जिवाला धोका असल्याचा अपवाद सोडला, तर अशी गोष्ट डॉक्टर रुग्णाच्या संमतीवाचून घरच्यांनाही सांगत नाहीत.

आपल्या रुग्णाने आणखी एक गोष्ट स्वतःहून सांगायला हवी, कारण तिकडील डॉक्टरांना ती विचारण्याचे सुचेलच असे नाही: आपला आहार आणि आपली व्रते. जिलेटिनचे वेष्टन असलेली कॅप्सूल नको असेल तर तसे म्हणावे. पुष्कळदा गोळी किंवा द्रवरूप पर्याय निघतो. लिथियमसारखे औषध चालू असताना पाण्याविना उपवास केला, तर शरीरातील पाणी कमी होऊन रक्तातील औषध घातक पातळीला जाऊ शकते. असा उपवास मनाने करू नये, तसेच उपवासासाठी औषधही मनाने बंद करू नये. चौविहाराचा प्रश्नही खराच आहे. डिसेंबरात लेस्टरला दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. ‘संध्याकाळी एक गोळी’ या तीन शब्दांचा अर्थ तिथे ऋतूप्रमाणे बदलतो. तिच्या डॉक्टरांनी हे ऐकून घेतले आणि गोळी सकाळच्या न्याहारीनंतर ठेवली.

नगरला सासूबाईंनी 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन केला. भारत सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलते. सुनेशी काय बोलावे एवढेच त्यांना विचारायचे होते. चातुर्मासासाठी गावात आलेल्या साध्वीजींनाही त्यांनी भीतभीत विचारले. त्यांनी सुनेला यंदा उपवास न करता रोज एक पान स्वाध्याय करण्यास सांगितले. पर्युषणात घरातले बाकी सगळे तप करत असताना तिने लेस्टरमध्ये दोन्ही वेळा वरण-भात रांधला. संवत्सरीच्या दिवशी क्षमायाचनेचा फोन आधी सासूबाईंकडून आला.