पोच आली का?

मी या महाविद्यालयाच्या वसतिगृहात होतो तेव्हा बाबा खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून दरमहा मनीऑर्डर करीत. माझ्या सहीची पोच उलट टपाली हाती पडेपर्यंत ‘पैसे पाठविले’ असे ते म्हणत नसत. पोस्टमास्तर कानडी, बाबा मराठी. पण ‘पोच आली का?’ या प्रश्नाचे मोल दोघांनाही सारखेच कळे. मला मात्र ते फार उशिरा कळले.

पुढे पुण्याच्या एका कारखान्यात संगणक विभागात नोकरी लागली. तिथे एएस/४०० होता. आयबीएमने १९८८ साली आणलेला हा मध्यम आकाराचा व्यापारी संगणक. त्याचा वंशज आजही ‘आयबीएम आय’ या नावाने हिशेब सांभाळतो. कामगारांच्या पगाराची फाईल रात्री बँकेच्या संगणकाकडे धाडणारा प्रोग्रॅम मी लिहिला.

रीत सोपी आहे. लॉगिन, ‘पुट’, ‘क्विट’ या आज्ञा एका फाईलमध्ये लिहून ठेवायच्या, ओव्हरराइड करून ती ‘इनपुट’ म्हणून जोडायची, पलीकडची उत्तरे ‘आउटपुट’ फाईलमध्ये घ्यायची आणि सीएल प्रोग्रॅममधून एफटीपीची आज्ञा द्यायची. मेख अशी, की पलीकडच्या यंत्राने दारातूनच परत धाडले तरी ही आज्ञा मुकाट्याने संपते. प्रोग्रॅमला वाटते, काम फत्ते!

एके रात्री तसेच झाले. बँकेकडे पासवर्ड बदलला होता. ‘आउटपुट’मध्ये ५३० हा आकडा, म्हणजे प्रवेश नाकारल्याची खूण, उमटला. तो वाचणारे कोणी नव्हते. माझ्या प्रोग्रॅमने मात्र ‘पगाराची फाईल पाठविली’ असे ऐटीत छापले. दुसऱ्या दिवशी कामगार बँकेतून रिकाम्या हातांनी परतले. एकजण म्हणाला, “साहेब, पोरीची फी भरायचा आज शेवटचा दिवस. तुमचं यंत्र म्हणतं पाठवलं, मग गेलं कुठं?” भरवशाच्या म्हशीला टोणगा, आणि म्हैस माझ्याच गोठ्यातली!

मित्रहो, दोष यंत्राचा नव्हता. एफटीपीचा पहिला मसुदा कानपूरच्या आयआयटीतून शिकलेल्या अभय भूषण यांनी १९७१ साली लिहिला. १९८५ च्या नियमावलीत प्रत्येक आज्ञेला तीन अंकी उत्तर नेमून दिले आहे. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ४ असेल तर अडचण तात्पुरती, पुन्हा प्रयत्न करा. ५ असेल तर तीच आज्ञा पुन्हा देण्यात अर्थ नाही, माणसाला उठवा. म्हणजे पोच येतच होती, मी ती उघडली नव्हती. आरपीजीत लिहिणाऱ्यांना तर एफटीपीएपीआय हा रूटीनांचा संच मुक्तपणे मिळतो. रूटीन फसले की ते उणे एक परत करते. पण परत आलेला आकडा तपासलाच नाही, तर त्याचा उपयोग काय?

आणि २२६, म्हणजे ‘पोचले’, असे उत्तर आले तरी निर्धास्त होऊ नये. एएस/४०० अक्षरे एब्सिडिक संकेतात ठेवतो, इतर बहुतेक यंत्रे अॅस्कीत. वाटेत मजकुराचे रूपांतर होते; त्यातच पॅक्ड दशांशातली रक्कम सापडली, तर फाईल पोचते आणि आकडे बिघडतात. म्हणून नोंदींची संख्या आणि एकूण रक्कम पलीकडून उलट मागवावी. बाबाही पोचेवरची सही माझीच आहे ना, हे निरखून पाहत!

कोणी म्हणेल, एफटीपी आता जुनी झाली, पासवर्ड उघडा पाठविते, एसएफटीपी वापरा. जरूर वापरा. पण पत्र लखोट्यात घातले म्हणून ते पोचले, असे होत नाही.

गुरुजनांना माझी एकच विनंती आहे. प्रात्यक्षिकात बरोबर उत्तर छापणाऱ्या प्रोग्रॅमला आपण पैकीच्या पैकी गुण देतो. त्यातले निम्मे राखून ठेवा. परीक्षेत मध्येच जोडणीची तार काढा, आणि मग प्रोग्रॅम काय म्हणतो ते पाहा. ‘पाठविले’ म्हणणाऱ्याला नापास करा. ‘पोच आली नाही’ असे कबूल करणाऱ्याला उरलेले गुण द्या. मला कोणी असे वेळीच नापास केले असते, तर एका मुलीची फी त्या दिवशी भरली गेली असती.