केसपेपरवर ‘औषधामुळे’ हा शब्द लिहून घ्या!

घरातल्या आजी-आजोबांचे हात गेल्या काही महिन्यांत थरथरू लागले असतील, चाल मंदावली असेल, चेहऱ्यावरचे भाव हरवले असतील, तर ‘आता वय झालं’ असं म्हणण्याआधी त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडा. त्यात ॲसिडिटीची म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल असेल. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला ‘लेव्होसल्पिराईड’ लिहिलेलं असेल, तर ती कॅप्सूल घेऊन डॉक्टरांकडे जा. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाईड, चक्करेसाठी दिलेलं सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन आणि अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन यांनाही हेच लागू आहे. ही सगळी औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवू शकतात आणि पार्किन्सनसारखी लक्षणं उभी करू शकतात. मनोविकारांवरच्या औषधांनी असं होतं हे बहुतेकांना माहीत असतं. पोटाच्या गोळीवर मात्र कुणाचा संशय जात नाही.

मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काम करते. रुग्णाला डिस्चार्ज मिळाला की त्याचा केसपेपर आमच्या टेबलावर येतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आम्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणातला कोड देतो. पार्किन्सन आजाराचा कोड आहे जी २०, तर औषधामुळे झालेल्या पार्किन्सनिझमचा जी २१.१. कागदावर नुसतं ‘पार्किन्सनिझम’ लिहिलेलं असेल, तर नियमाप्रमाणे तो रुग्ण जी २० मध्येच जातो. औषधांच्या यादीत ती कॅप्सूल आम्हाला समोर दिसत असते, पण निदान करण्याचा अधिकार आमचा नाही. डॉक्टरांनी ‘औषधामुळे’ असं लिहून पुढे औषधाचं नाव दिलं, तरच योग्य कोड लागतो आणि त्या औषधाचीही वेगळ्या कोडने नोंद होते.

हा प्रश्न नुसत्या कारकुनीचा नाही. पुढचा डॉक्टर आधी निदान वाचतो. तिथे ‘पार्किन्सन’ दिसलं की लेव्होडोपा सुरू राहतं, डोस वाढतो आणि ज्या गोळीने हे सगळं घडवलं तीही त्याच चिठ्ठीवर चालू राहते. एकाच कागदावर वरच्या ओळीत लेव्होसल्पिराईड आणि खालच्या ओळीत लेव्होडोपा, म्हणजे एक औषध डोपामिन अडवणारं आणि दुसरं ते पुरवणारं! कारण ठरलेलं औषध डॉक्टरांनी वेळेवर थांबवलं, तर बऱ्याच रुग्णांची लक्षणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. चुकीचा शिक्का बसलेल्या माणसाला ही संधीच मिळत नाही.

या औषधांच्या त्रासाचं तरुणांमध्ये दिसणारं रूप वेगळं आणि फार घाबरवणारं असतं. उलट्या होतात म्हणून मुलीला मेटोक्लोप्रमाईडचं इंजेक्शन दिलं जातं. काही तासांत तिची मान एका बाजूला पिळते, डोळे वर चढतात, जबडा आखडतो. ती पूर्ण शुद्धीवर असते, पण बोलता येत नाही. घरचे म्हणतात फीट आली, कुणी म्हणतं अंगात आलं, आणि देवऋषीकडे न्यायची तयारी सुरू होते. तिला थेट दवाखान्यात न्या आणि आदल्या दिवसात कोणतं इंजेक्शन, कोणती गोळी दिली ते आधी सांगा. योग्य इंजेक्शन मिळालं की साधारण अर्ध्या तासात आराम पडतो. आणि तो त्रास कोणत्या औषधाने झाला, हे तिच्या कागदावर लिहूनच घ्या, म्हणजे पुन्हा तेच औषध दिलं जाणार नाही.

मनोविकारावरची औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या घरच्यांनी तोंडाकडे लक्ष ठेवावं. ओठ चाळवणं, काही न खाता चघळत राहणं, जीभ आतबाहेर होणं हे रुग्णाच्या स्वतःच्या ध्यानात अनेकदा येत नाही आणि दोष कवळीला दिला जातो. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात आणि औषध बंद केल्यावरही तो टिकू शकतो. तपासणी साधी आहे: तोंड उघडून जीभ बघायची, अंगठ्याला एकेक बोट लावायला सांगायचं, चालायला लावायचं. एआयएमएस नावाच्या या तपासणीला दहा-एक मिनिटं पुरतात. दर काही महिन्यांनी ती करायला डॉक्टरांना सांगा. हात-पाय थरथरतात म्हणून सर्रास दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी या विकारात उलट त्रास वाढवू शकते. म्हणून तर नेमकं निदान हवं.

एक गोष्ट हात जोडून सांगते. हे वाचून मनोविकाराची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आजार उलटू शकतो, हालचाली आणखी वाढू शकतात. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. मात्र अशा गोळ्या चालू असताना जोराचा ताप, अंग लाकडासारखं कडक होणं आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसले, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जा.

मेटोक्लोप्रमाईड बारा आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये दिला. युरोपने २०१३ मध्ये ही मर्यादा पाच दिवसांवर आणली. आपल्याकडे मात्र अशा गोळ्या जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने घेतल्या जातात. मेडिकलवाल्या दादांनो, ताईंनो, ताजी चिठ्ठी मागा. डॉक्टरांनो, निदानाच्या ओळीत औषधाचं नाव आणि ते सुरू केल्याची तारीख लिहा, आमच्याकडून कोड चुकणार नाही.

औषधाचा त्रास झाल्याची तक्रार रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः करू शकतात. भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा फॉर्म मराठीतही मिळतो आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत. कामाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे. फोन करताना औषधाचं पाकीट हाताशी ठेवा.