रकाना, रक्कम आणि आडवाट

पेढीची पत व्यापाऱ्याच्या शब्दावर आणि आकड्यावर उभी असते. पूर्वी हा आकडा कीर्दीत शाईने उतरे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून तो संगणकाच्या पडद्यावरील रकान्यात भरावा लागतो. दालबाजारातील आडत्या असो वा सराफ्यातील जवाहिऱ्या असो, सरकारशी त्याचा व्यवहार आता ब्राउझर नामक मध्यस्थाच्या हातून होतो. या मध्यस्थाचे दोष आणि ते टाळण्यासाठी काढल्या जाणाऱ्या आडवाटा यांविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम हे ध्यानी घ्यावे, की पडद्यावर दिसणारे प्रपत्र तयार चित्र होऊन आपल्याकडे येत नाही. येथे रकाना, येथे तारीख, येथे कळ, अशी लेखी आज्ञापत्रिका तेवढी येते. ती वाचून चित्र मांडण्याचे काम ब्राउझर करतो. शिंदे सरकारच्या काळी ग्वाल्हेरच्या दप्तरांत मोडी लिपी चाले. एकच मोडी कागद दोघांनी वाचला तर क्वचित दोन अर्थ निघावेत, तसाच हा प्रकार आहे. २००१ साली निघालेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत निवडयादीचा रकाना इतर सर्वांच्या वर डोके काढी. पडद्यावर सूचना झळकली तरी यादी तिच्या अंगावर पसरे. रचनाकार सूचनेखाली एक रिकामी चौकट दडवून वेळ मारून नेत. पुढे २००६ साली सातव्या आवृत्तीत तो दोष निघाला. तारखेचा रकाना फायरफॉक्सला २०१७ साली, तर संगणकावरील सफारीला २०२१ साली नीट मांडता येऊ लागला.

हे दोष डोळ्यांना दिसणारे. त्यांत वेळ जातो, पण धन जात नाही. खरे भय न दिसणाऱ्या दोषाचे आहे. केवळ अंकांसाठी राखलेल्या रकान्यात रक्कम भरून पान खाली सरकविण्यास माउसचे चाक फिरवावे, तो काही ब्राउझरांत पान न सरकता रक्कमच बदलते, आणि भरणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळांची रचना ठरविणाऱ्या मंडळींनी अशाच कारणांस्तव २०२० साली अंकांचा खास रकाना सोडून साधा रकाना पत्करला. या आडवाटेत चतुराईचा भाग थोडा आणि भरणाऱ्याविषयीची काळजी अधिक आहे.

आपल्याकडे या काळजीचे मोल मोठे आहे. जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र एकदा दाखल झाले की मागे घेऊन पुन्हा भरता येत नाही. चूक पुढील विवरणपत्रात दुरुस्त करावी लागते. भारती एअरटेलच्या प्रकरणात, त्याचे मूळ कारण निराळे असले तरी, सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी हेच तत्त्व उचलून धरले. ९२३ कोटी रुपयांच्या परताव्याची मागणी त्यात अडली. जुन्या करांची जमा पुढे ओढण्याचे ट्रान-१ हे प्रपत्र तांत्रिक अडचणींमुळे असंख्य व्यापाऱ्यांस वेळेत भरता आले नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या २२ जुलै २०२२ च्या आदेशाने पोर्टल पुन्हा उघडावे लागले, आणि १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ अशी मुदत मिळाली. पाच वर्षे अडकलेले भांडवल म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास सांगणे न लगे.

कोणी म्हणेल, एक ब्राउझर चालत नसेल तर दुसरा उघडावा. एवढा ऊहापोह कशास? हा युक्तिवाद आम्हांस अपुरा वाटतो. ज्याला युक्ती सापडली त्याचे काम झाले. पण ज्या लहान दुकानदाराजवळ एकच मोबाइल आहे, त्याने काय करावे? शिवाय एकाच ब्राउझरवर विसंबलेली आडवाट त्याच्याबरोबरच बुडते. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररचा आधार काढून घेण्यात आला, तेव्हा त्याच्याच मापाने बेतलेल्या पोर्टलांची गत हीच झाली.

आणखी एक भेद आम्ही स्पष्ट करू इच्छितो. ब्राउझर बदलणे, पानाचा आकार लहान करणे, जुनी साठवण पुसून पुन्हा प्रवेश करणे, या निर्दोष आडवाटा होत. परंतु रकाना खरी तारीख स्वीकारीत नाही म्हणून खोटी भरणे, किंवा प्रपत्र पुढे सरकावे म्हणून रक्कम फिरविणे, ही आडवाट नव्हे; ते असत्य होय. दोष यंत्राचा असला तरी स्वाक्षरी आपली असते. अशा वेळी पडद्याचे चित्र दिनांक-वेळेसह जपून ठेवावे आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, हाच शहाणपणाचा मार्ग.

प्रपत्रे रचणाऱ्यांनीही आपल्या वाडवडिलांच्या हुंडीकडे पाहावे. हुंडीत हजार रुपये लिहिताना अंक, अक्षर आणि ‘निमे पाचशे, त्याची दुप्पट’ अशी तिहेरी नोंद होई. वाचणारा चुकला तरी रक्कम चुकू नये, हा हेतू. तद्वत् भरलेली रक्कम दाखल होण्यापूर्वी अक्षरी दाखविली जावी. आपणही दाखल करण्याआधी मसुद्याची प्रत उतरवून ती खातेवहीशी ताडून पाहावी. रकान्यावर विसंबू नये.

आमची सूचना एवढीच, की संघाने एक नोंदवही ठेवावी: कोणत्या प्रपत्रात, कोणत्या ब्राउझरवर, कोणता दोष आढळला आणि कोणत्या उपायाने काम झाले. ती वही सर्व सभासदांस खुली असावी आणि तिची प्रत दरसाल कर-अधिकाऱ्यांस जावी. एकाची युक्ती सर्वांच्या उपयोगी पडली आणि मूळ दोषाचे निवारण झाले, तरच आडवाटेचे सार्थक. संघशक्तीचा याहून रोकडा उपयोग आम्हांस दिसत नाही.