शेळी नाकारते, आजी उकळते!

बालमित्रांनो, शेळी काय काय खाते? "सगळंच!" असंच म्हणाल ना? बाभळीचे काटे चुकवून ती पाला ओरबाडते, कागदसुद्धा चघळते. पण एका झुडपाला मात्र ती सहसा तोंड लावत नाही. ते झुडूप म्हणजे अडुळसा! म्हणून तर गावाकडे कुंपणाला अडुळसा लावतात.

गंमत म्हणजे ही गोष्ट त्याच्या नावातच दडली आहे, बरं का! तमिळमध्ये 'आडू' म्हणजे शेळी, आणि 'आडातोडा' म्हणजे शेळी शिवत नाही ते झाड. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याचं शास्त्रीय नाव छापलं, ते 'जस्टिशिया अधाटोडा'.

शेळी त्याला का टाळते? झाडाला पाय नाहीत, त्याला पळता येत नाही. मग ते पानांतच कडू रसायनं साठवून ठेवतं. अशा रसायनांच्या एका गटाला 'अल्कलॉइड' म्हणतात. अडुळशातलं मुख्य अल्कलॉइड म्हणजे 'व्हॅसिसिन'. संस्कृतात अडुळशाला 'वासा' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. व्हॅसिसिनच्या एका रेणूत कार्बनचे ११, हायड्रोजनचे १२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो.

शेळीला नकोसं वाटणारं हे रसायन आपल्या श्वासनळ्या मात्र सैल करतं. आजी खोकल्यावर अडुळशाचा काढा देते, त्यामागचं कारण हेच. विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅसिसिनचा अभ्यास करून 'ब्रोमहेक्झिन' हे नवं औषध तयार केलं. ते पोटात गेलं की शरीर त्यापासून 'अम्ब्रोक्सॉल' बनवतं. आता अम्ब्रोक्सॉलही वेगळं औषध म्हणून मिळतं. दोन्ही औषधं घट्ट कफ पातळ करतात.

मग पानं तोडून आपणच काढा करून प्यायचा का? नाही हं! गोळीत औषध किती, ते मोजलेलं असतं. पानात ते झाडागणिक आणि ऋतूगणिक कमी-जास्त होतं. शिवाय व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणून पालकांनी लक्षात ठेवावं, की गरोदरपणात अडुळसा घेऊ नये, आणि लहान मुलांनाही डॉक्टर किंवा वैद्य यांना विचारल्याशिवाय देऊ नये. 'झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय?' असं म्हणणाऱ्यांना शेळीची आठवण करून द्या!

या आठवड्यात एवढं करा : घरातल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आईबाबांबरोबर वाचा. वर सांगितलेल्यांपैकी कोणती नावं सापडली, ते वहीत लिहा. कुंपणाला अडुळसा दिसला, तर पांढऱ्या फुलावरच्या जांभळट रेषाही नीट बघा. चव मात्र घ्यायची नाही!